घड्याळजींचा श्वास

काकूंच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की तो थांबवायला समोरच्याला काहीतरी तातडीचं काम निघावं लागतं, हे त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. कोपऱ्यावर दूध आणायला गेलेल्या काकू अर्ध्या तासाने परतायच्या, आणि तेवढ्यात तीन घरांची विचारपूस आणि एका भांडणाची मध्यस्थी उरकलेली असायची. त्यांच्या नवऱ्याचं बरोबर उलट. ते घड्याळजी होते. हातभर रुंदीच्या दुकानात उजव्या डोळ्याला भिंग लावून बावन्न वर्षं बसले, आणि दिवसाकाठी चार वाक्यं बोलले तरी आज फार बडबड झाली असं त्यांना वाटायचं. देवाने जोडी जमवताना वाटणीत जरा गडबड केली, असं लोक म्हणायचे. काकूंचंही मत काही वेगळं नव्हतं.

रोज दुपारी काकू डबा घेऊन दुकानात जायच्या, स्टुलावर बसायच्या आणि बोलायच्या. घड्याळजी मान खाली घालून असायचे. मधूनच न बघता डावा हात वर करायचे आणि म्हणायचे, "जरा थांब." मग हातातलं चक्र जागेवर बसेपर्यंत काकूंनी गप्प राहायचं. त्या वर केलेल्या हाताचा काकूंना फार राग होता. आपण बोलतो ते या माणसाच्या एका कानातून शिरून दुसऱ्या कानातून जातं एवढंच नव्हे, तर पहिल्या कानाच्या दारातच अडतं, अशी त्यांची सेहेचाळीस वर्षांची तक्रार होती. ती त्यांनी नवऱ्याला हजारदा तरी ऐकवली असेल. तिचीही तीच गत होत असणार हे त्यांना माहीत होतं, पण म्हणून काय बोलायचं सोडायचं?

दुकान बंद करून दोन वर्षं झाली आणि घड्याळजींच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली. हृदय आधीच थकलेलं, त्यामुळे ऑपरेशनचं नाव काढायची सोय नव्हती. डॉक्टर उंच आणि कमी बोलणारे होते, म्हणून काकूंना ते पहिल्यापासून आवडले नाहीत. घरात तसला एक होताच. पण सांगितलं ते त्यांनी नीट सांगितलं. किरणांचा जोरदार मारा करायचा, फक्त पाच वेळा, आणि गाठ जाळून टाकायची. अडचण एकच होती. पोटातलं काहीच एका जागी राहत नाही. श्वास घेतला की लिव्हर खाली सरकतं, सोडला की वर येतं, आणि त्याच्याबरोबर गाठही. म्हणून आधी एक खास स्कॅन करायचा. पोटावर एक छोटी डबी ठेवायची, छतावरचा कॅमेरा तिचं वरखाली होणं बघत राहणार, आणि त्या हालचालीवरून मशीन श्वासाच्या दहा टप्प्यांची दहा वेगवेगळी चित्रं लावून देणार. गाठ कुठून कुठे जाते हे त्यावरून कळतं. श्वास मात्र नेहमीचा आणि एकसारखा हवा. तो तुटक आला तर चित्रंही तुटकी येतात आणि मग गाठीचा नेम धरता येत नाही.

"आणि नेम न धरता केलं तर?" काकूंनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, गाठीला अगदी लागून आतडं आहे. अंदाजाने मोठा भाग घेतला तर आतडं जळेल. ते करता येणार नाही. मग हलक्या औषधांवर दिवस काढायचे. किती दिवस, हे काकूंनी विचारलं नाही. आयुष्यात न विचारलेला असा त्यांचा तो एकच प्रश्न असेल.

पहिला स्कॅन फुकट गेला. दुसराही गेला. चित्रांत लिव्हरला पायऱ्या पडल्या होत्या, कुणीतरी सुरीने काप करून ते चुकीचे जोडावेत तशा. पुन्हा पुन्हा स्कॅन काढत बसलं तर त्याचेही किरण अंगाला लागतात, म्हणून डॉक्टरांनी सांगून टाकलं की आता शेवटचा. स्कॅन करणारी तंत्रज्ञ बाई पस्तिशीची, चष्मा कायम डोक्यावर ठेवून तो शोधत फिरणारी होती. तिने तोडगा काढला. आधी नुसती डबी आणि कॅमेरा लावून सराव करू, त्यात किरण नसतात. श्वास बसला की मगच स्कॅन घेऊ. आणि काका घाबरत असतील तर काकूंनी काचेपलीकडे आपल्याजवळ येऊन बसावं, समोर दिसल्या की त्यांना धीर येईल.

अशा रीतीने एका मंगळवारी सकाळी काकू त्या थंडगार खोलीत खुर्चीवर बसल्या. काचेपलीकडे घड्याळजी पाठीवर पडले होते, हात डोक्यामागे, पोटावर काड्यापेटीएवढी डबी. समोरच्या पडद्यावर हिरवी रेष सरकत होती. ती वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली आणि मग सपाट झाली. सपाटच राहिली. बऱ्याच वेळाने तिने एक उंच उसळी घेतली आणि पुन्हा सपाट झाली.

"काका, श्वास घेताय ना?" तंत्रज्ञ बाईने माइकवरून विचारलं. घेतोय की, असं आतून उत्तर आलं, थोडं फुरंगटून. दोन्ही वेळेला असंच झालं होतं म्हणे. माणूस म्हणतो घेतोय, रेष म्हणते घेत नाही.

काकूंनी रेषेकडे बघितलं, काचेतून नवऱ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"बाई, ते काम करताहेत," त्या म्हणाल्या.

तंत्रज्ञ बाईला काही कळेना. मग काकूंनी समजावून सांगितलं. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरली की घड्याळजी श्वास रोखतात. छाती हलली की हात हलतो, हात हलला की स्प्रिंग गेली. बावन्न वर्षं दिवसातून शंभरदा हेच केलेलं. त्यांना कुणीही म्हणावं 'हलू नका', की ते पहिल्यांदा श्वास बंद करणार, आणि आपण बंद केलाय हे त्यांना ठाऊकही नसणार. तुम्ही त्यांना आत नेता, झोपवता, सांगता की अजिबात हलायचं नाही. मग ते दुसरं काय करतील?

रोग सापडला, पण औषध सापडेना. तंत्रज्ञ बाईने माइकवरून 'घ्या', 'सोडा' असं सांगून बघितलं. घड्याळजी आज्ञाधारक, त्यांनी छाती फुगवून असे श्वास घेतले की रेष पडद्याबाहेर जायला लागली आणि पाच मिनिटांत ते दमले. असला श्वास रोज कसा जमणार? तिने 'हलायला हरकत नाही' असं सांगितलं, तर त्यांनी नाक खाजवून घेतलं आणि पुन्हा सपाट झाले. बाई हताश होऊन मागे टेकली. डोक्यावरचा चष्मा घरंगळून खाली पडला.

काकूंचा जीव टांगणीला लागला होता, आणि असं झालं की त्यांचं तोंड आपोआप सुरू व्हायचं. त्या बाईजवळ नवऱ्याची गाऱ्हाणी सांगायला लागल्या. हे कायमचं असंच. घरातला नळ महिनाभर गळतोय, यांना पत्ता नाही. नळवाला आला तो पाना विसरून आला, पाना आणायला गेला तो पिशवी विसरून गेला, आता त्याची पिशवी आमच्याकडे आणि नळ अजून गळतोच आहे. शेजारचं मांजर त्या पिशवीत बसायला लागलंय.

तंत्रज्ञ बाईने एकदम काकूंच्या मनगटावर हात ठेवला. माइकचं बटण मघापासून दाबलेलंच राहिलं होतं. पडद्यावरची हिरवी रेष वर जात होती, खाली येत होती, पुन्हा वर जात होती, सगळ्या लाटा एका उंचीच्या.

"काकू," ती म्हणाली, "थांबू नका. बोला."

काकूंच्या अख्ख्या आयुष्यात हे वाक्य त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. क्षणभर त्या गडबडल्या, पण क्षणभरच. मांजराचं संपल्यावर त्यांनी आपल्या मेव्हण्याचं काढलं. तो एकदा ऐन साखरपुड्याच्या दिवशी बाथरूममध्ये अडकला होता आणि दार आत उघडतं हे विसरून दोन तास बाहेर ढकलत बसला होता. मेव्हणा खिडकीतून ओरडायला लागला तशी रेषेने तीनचार बारीक उड्या मारल्या. घड्याळजींचं पोट हलत होतं.

"हसवू नका हो," तंत्रज्ञ बाई कळवळून म्हणाली. "कंटाळवाणं काहीतरी सांगा."

कंटाळवाणं सांगायचं म्हणजे काय, हे काकूंना माहीत नव्हतं. आपण बोलतो ते सगळं रंजकच असतं असा त्यांचा समज होता. शेवटी कपाटाच्या वरच्या कप्प्यात काय काय आहे ते त्यांनी ओळीने सांगितलं. जुन्या चादरी, आणखी जुन्या चादरी, उशांचे अभ्रे, जोड नसलेले मोजे. तेवढ्यात स्कॅन झाला. दहाच्या दहा चित्रं स्वच्छ निघाली. गाठ अकरा मिलिमीटर वरखाली होते असं डॉक्टरांनी मोजून सांगितलं आणि पहिल्यांदाच हसले. मारा करताना मशीन हीच रेष बघत राहणार. श्वास ठरल्या पट्ट्यात असला की किरण सुरू, पट्ट्याबाहेर गेला की बंद. म्हणजे पाचही दिवस श्वास असाच हवा. तंत्रज्ञ बाई हुशार होती. काकूंचं सगळं बोलणं तिने रेकॉर्ड करून ठेवलं होतं. दर वेळी तेच लावू, काकूंना शीण नको, असं ती म्हणाली. काकूंना शीण होतो ही कल्पनाच काकूंना नवीन होती, पण त्या मोठ्या मनाने हो म्हणाल्या.

पहिल्या माऱ्याच्या दिवशी घड्याळजींना मशीनखाली झोपवलं, जाड दार बंद झालं, आणि आत काकूंचा आवाज सुरू झाला. नळ गळत होता, नळवाला पाना विसरला. बाहेर काकू स्वतःचा आवाज ऐकून चकित झाल्या. आपण इतक्या भरभर बोलतो होय? मग त्यांचं लक्ष पडद्याकडे गेलं. रेष सपाट होती.

तंत्रज्ञ बाईने आवाज वाढवला. रेष उसळली आणि पुन्हा आडवी झाली. मशीन वाट बघत थांबलं. पाच मिनिटं गेली, मग दहा, मग पंधरा. डॉक्टर येऊन उभे राहिले. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि हलक्या आवाजात बाईला म्हणाले की आज पट्टा जुळला नाही तर हा बेतच सोडून द्यावा लागेल. काकूंना ते ऐकू आलं. ज्याला बोलायची सवय नाही त्याला हळू बोलायचीही नसते.

तंत्रज्ञ बाई आत गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा जरा वेगळाच होता.

"काका म्हणतात, हे मागच्या मंगळवारी सांगून झालंय."

"म्हणजे?" काकूंनी विचारलं.

बाईने सांगितलं ते असं. काका म्हणाले, आता नळ संपेल, मग मांजर येईल, मग मेव्हणा. ते माहीत असल्यामुळे ऐकायला काही उरत नाही आणि लक्ष पुन्हा न हलण्याकडे जातं. शिवाय मेव्हण्याच्या गोष्टीत चूक आहे. पहिल्यांदा सांगितली तेव्हा ते दार बाहेर उघडत होतं आणि तो आत ओढत बसला होता. दुकानाला निळा रंग दिला त्या वर्षी.

काकू ऐकतच राहिल्या. दुकानाला निळा रंग देऊन एकतीस वर्षं झाली होती, आणि दार खरंच बाहेर उघडत होतं.

"मी त्यांना म्हटलं, तुम्हाला इतकं सगळं लक्षात आहे, मग काकू तर म्हणतात तुम्ही ऐकतच नाही, हात वर करता," तंत्रज्ञ बाई म्हणाली. "तर म्हणाले, हात वर करायला लागायचा. ती बोलायला लागली की लक्ष तिच्याकडे जायचं आणि स्प्रिंग हातातून सुटायची."

एवढं बोलून बाईने माइक काकूंच्या पुढे सरकवला आणि बटण दाबलं. बोला, असं तिने नुसत्या डोळ्यांनी सांगितलं.

आणि काकूंची दातखीळ बसली. सेहेचाळीस वर्षं त्या आपण भिंतीशी बोलतोय अशा समजुतीने बिनधास्त बोलत आल्या होत्या. भिंतीशी काय वाटेल ते बोलता येतं. तेच ते पाचदा सांगता येतं, जावेची नक्कल करता येते, दार आत उघडलं की बाहेर याची फिकीर नसते. आता कळलं होतं की भिंतीला कान होते आणि त्यांनी शब्दन्‌शब्द ठेवून घेतला होता. काकूंना नव्या नवरीसारखी लाज वाटायला लागली. काय सांगावं? नळ सांगून झाला होता. सगळंच सांगून झालं होतं. पडद्यावरची रेष आडवी सरकत होती. डॉक्टर मागे उभे होते.

आत तो माणूस श्वास रोखून पडला होता. आत्ता तो काम करत नव्हता. तो वाट बघत होता, हे काकूंना कळलं.

"अहो," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "मला काही सुचत नाहीये."

रेष हलली नाही.

"मला भीती वाटते हो. या डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं ना, त्या दिवसापासून वाटते. मी तुम्हाला नळाचं सांगते, मांजराचं सांगते, पण मला तेव्हाही भीतीच वाटत असते. तुम्ही नसलात तर मी कुणाला सांगू? बाकीचे सगळे ऐकल्यासारखं दाखवतात. तुम्ही न ऐकल्यासारखं दाखवत बसलात, तुमच्यासारखा माणूस नाही बघितला मी."

रेष वर गेली. पट्ट्याच्या बाहेर, खूप वर गेली, आणि तंत्रज्ञ बाईने ओठ दाबून धरले. मग ती खाली आली, हळूहळू, पूर्ण खाली. पुन्हा वर आली ती बेताची. त्याच्या पुढचीही तेवढीच. मशीन घुमायला लागलं.

काकू थांबल्या नाहीत. रोज बोलायच्या त्याच सुरात त्यांनी भीतीचं सगळं सांगून टाकलं. सकाळी उठल्यावर आधी आपण त्यांची छाती हलते का ते बघतो, मग चूल पेटवतो. कपाट आवरताना त्यांचे स्वेटर तेवढे आवरत नाही. डॉक्टरांना मुद्दाम तो एक प्रश्न विचारत नाही, उत्तर मिळालं तर काय करायचं म्हणून. हे डॉक्टर मागेच उभे आहेत, ऐकू दे त्यांनाही. गालावरून पाणी वाहत होतं, पण आवाज एकसारखा ठेवला होता, कारण आवाज कापला की रेष कापते हे त्यांनी एव्हाना ओळखलं होतं. हिरव्या लाटा एकामागून एक येत होत्या, सारख्या उंचीच्या, आणि प्रत्येक लाटेच्या तळाशी मशीन आपलं काम करत होतं. अठरा मिनिटांनी ते थांबलं. झालं, असं तंत्रज्ञ बाई म्हणाली आणि चष्मा शोधायचं निमित्त करून वळली. डॉक्टरांनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला, उरलेले चार दिवसही असेच जातील म्हणाले, आणि निघून गेले.

घड्याळजी शर्टाची बटणं लावत बाहेर आले. एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं. काकूंनी ते काढून नीट लावलं. त्यांच्या तोंडाकडे बघायचा काकूंना धीर होत नव्हता.

"मलाही वाटते," घड्याळजी म्हणाले. "पण तू बोलत होतीस तेवढा वेळ नव्हती वाटत."

स्वतःबद्दल एवढं ते काकूंशी कधी बोलले नव्हते. दोघं लांबलचक कॉरिडॉरमधून चालत निघाले, लिफ्टपाशी आले, लिफ्ट येईपर्यंत उभे राहिले. काकू गप्प होत्या. लिफ्ट आली, दार उघडलं, तरी घड्याळजी आत शिरले नाहीत.

"अगं," ते म्हणाले, "बोल की."